सांभाळणाऱ्यांचा सांभाळ

‘काळजीवाहू’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला परिचित आहे तो राजीनामा देऊनही खुर्चीवर राहिलेल्या मंत्रिमंडळांमुळे. ज्यांना तो खऱ्या अर्थाने लागू पडावा, त्यांच्या वाट्याला तो सहसा येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची कूस रात्री दर दोन तासांनी बदलणारी सून, स्किझोफ्रेनिया झालेल्या मुलाच्या गोळ्या रोज मोजून ठेवणारा निवृत्त बाप, आपल्याला न ओळखणाऱ्या पतीच्या त्याच प्रश्नाला विसाव्यांदा तेच उत्तर देणारी पत्नी, मतिमंद बहिणीपायी स्वतःचा संसार लांबणीवर टाकणारा भाऊ, या सर्वांसाठी रोजच्या मराठीत नाव नाही. महाराष्ट्रातील काही स्वमदत गटांनी रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात पाडला. शब्द सुंदर आहे. परंतु त्या वर्तुळाबाहेर तो फारसा गेलेला नाही. ज्याला नाव नाही त्याची गणती होत नाही, आणि ज्याची गणती नाही त्याच्यासाठी केलेली तरतूदही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या भारतीय कुटुंबांची आजची अवस्था नेमकी अशी आहे.

हा प्रश्न मूठभर घरांचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेली माणसे १० कोटी ३८ लाख होती. त्यांपैकी १ कोटी ११ लाख एकट्या महाराष्ट्रात होती. २०३६ साली देशातील दर शंभर माणसांत सुमारे पंधरा माणसे साठीपुढची असतील, असे अधिकृत अनुमान आहे. केवळ स्मृतिभ्रंशाचा विचार केला, तरी देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने साठीपुढील लोकांत त्याचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असे सांगितले. हे रुग्ण रुग्णालयात राहत नाहीत. ते घरी राहतात, वर्षानुवर्षे राहतात, आणि त्या प्रत्येकामागे निदान एक माणूस दिवसरात्र बांधलेला असतो. अर्धांगवायूचे, कंपवाताचे, कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्ण आणि जन्मतःच अपंगत्व घेऊन आलेली मुले यांची भर घातली, म्हणजे या प्रश्नाची व्याप्ती ध्यानात यावी.

हा बांधलेला माणूस बहुधा स्त्रीच असते. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील कोणाची तरी देखभाल करताना आढळल्या. पुरुषांत हेच प्रमाण २१.४ टक्के होते. या कामी स्त्रीचा दिवसाचा सरासरी वेळ १४० मिनिटे आणि पुरुषाचा ७४ मिनिटे. यात लहान मुलांचे संगोपनही आले, हे खरे. पण मुलाच्या संगोपनाला उद्याची आशा असते. मूल चालू लागते, बोलू लागते, शाळेत जाते. वृद्धाच्या वा असाध्य रोग्याच्या शुश्रूषेत उद्याचा दिवस आजच्यापेक्षा कठीणच असतो. तो भार वाहणाऱ्याची झोप जाते, कंबर जाते, अनेकदा नोकरी जाते, आणि हळूहळू येणारी-जाणारी माणसेही कमी होतात.

नसलेली नव्हे, न पोहोचलेली मदत

अशा कुटुंबांसाठी काहीच केले गेले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्यांसाठी एक लाख रुपयांपर्यंतचा ‘निरामय’ आरोग्य विमा दिला. २०१५ मध्ये त्याच न्यासाने पालकांना थोडा विसावा मिळावा म्हणून तात्पुरत्या निवासाची आणि शुश्रूषा शिकवणाऱ्या प्रशिक्षणाची योजना जाहीर केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर शासनाने करावयाच्या योजनांच्या यादीत ‘अधिक आधाराची गरज’ असलेल्या व्यक्तीसाठी शुश्रूषा भत्त्याचा स्पष्ट उल्लेख केला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या कुटुंबाला आधार देणाऱ्या सेवा हा हक्काचा भाग मानला. वृद्धांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार व श्रावणबाळ या योजना आहेत. वृद्धांना साधने घेण्यासाठी एकदाच तीन हजार रुपये देणारी वयोश्री योजना २०२४ मध्ये आली. दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते २०२२ मध्येच निघाले. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा शासनाचा दंडक आहे.

यादी छोटी नाही. असे असूनही कोणत्याही गावात वा चाळीत अर्धांगवायूच्या रुग्णाच्या घरी जाऊन विचारले, तर यातले काय मिळाले याचे उत्तर बहुधा ‘काही नाही’ असेच येते. पाच टक्क्यांचा निधी अखर्चित राहिल्याच्या तक्रारी वर्षाअखेरीस ठिकठिकाणी होतात. निधी पडून राहतो आणि शेजारच्याच गल्लीत एखादी बाई नवऱ्याच्या पाठीवरील जखमेला हवेची गादी परवडत नाही म्हणून गोधडीच्या घड्या घालते. या विसंगतीचे अधिकाऱ्यांकडून मिळणारे उत्तर ठरलेले असते. लोकांना माहिती नाही. सबब जाहिरात वाढवू, मेळावा घेऊ. माहितीचा अभाव आहे, यात शंका नाही. परंतु तेवढेच कारण असते, तर ज्यांना सर्व माहिती आहे अशा सुशिक्षित घरांनी तरी या सोयींचा लाभ घेतला असता. तीही घरे घेत नाहीत. तेव्हा कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

अर्जदार कोण?

पहिले कारण असे की, या साऱ्या व्यवस्थेत अर्जदार रुग्ण आहे. सांभाळणारा कोणीच नाही. प्रमाणपत्र रुग्णाचे, ओळखपत्र रुग्णाचे, विमा रुग्णाचा. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा सत्तरीपुढील सर्वांना २०२४ पासून लागू झालेली आयुष्मान योजना रुग्णालयातील उपचारांचा मोठा खर्च उचलते. रुग्ण घरी आला, की ती योजना मागे राहते आणि खरी शुश्रूषा तेथून सुरू होते. घरच्या माणसाला कूस बदलण्याची, नळीतून अन्न घालण्याची, लघवीची पिशवी बदलण्याची रीत बहुधा कोणी शिकवत नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावे असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते. ही औषधे देणार कोण आणि ती देणारी व्यक्ती स्वतः मधुमेही आहे की काय, याची चौकशी कोणी करीत नाही.

दुसरे कारण वेळेचे. जिची गरज सर्वांत मोठी, तिच्यापाशी वेळ सर्वांत कमी, हे या प्रश्नाचे मर्म आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज संगणकावर भरता येतो. तपासणीसाठी मात्र रुग्णाला ठरलेल्या दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. दुसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून माणूस खाली आणायचा, रिक्षा करायची, रांगेत त्याला सावरायचे, आणि डॉक्टर रजेवर असल्यास परत यायचे. त्यानंतर उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचे खाते, बोटाचे ठसे. कंपवाताने थरथरणाऱ्या बोटांचे ठसे यंत्र स्वीकारत नाही, हा अनुभव अनेक घरांचा आहे. निराधार योजनेसाठी सर्वसाधारण कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा दीर्घ काळ २१ हजार रुपये राहिली. एवढ्या उत्पन्नात घर चालत नाही, हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. चार फेऱ्यांची मजुरी बुडवून जे मिळायचे, ते त्या मजुरीहून फार अधिक नसेल, तर न गेलेलेच बरे, असा हिशेब एखादी गृहिणी करते. त्याला अज्ञान म्हणता येणार नाही.

तिसरे कारण सोयींच्या स्वरूपाचे. मागणी एक असते आणि पुरवठा दुसऱ्याच गोष्टीचा होतो. वर्षानुवर्षे अखंड झोप न मिळालेल्या माणसाला आधी चार तासांची झोप हवी असते. त्याला ताणतणावाच्या नियोजनावरील व्याख्यानाचे निमंत्रण येते, तेही सकाळी अकरा वाजता. त्या वेळी रुग्णापाशी कोण बसणार, हा प्रश्न निमंत्रण देणाऱ्याच्या मनात येत नाही. शहरांतील ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रे यांनी मोठे काम केले आहे. परंतु ती चालत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी आहेत. जो चालेनासा झाला, तो सभासदाच्या यादीतून नकळत गळतो आणि त्याची पत्नी त्याच्याबरोबर गळते. ब्यूरोतून येणारी मावशी किंवा ब्रदर हा ज्यांना परवडतो त्यांचा मार्ग. तेथेही माणूस महिन्या-दोन महिन्यांनी बदलतो आणि शिकवण्याचे काम पुन्हा घरच्यांवर येते.

कर्तव्य आणि संकोच

या कारणांच्या तळाशी आणखी एक कारण आहे, आणि त्याला कोणत्याही योजनेच्या कागदावर जागा नाही. शुश्रूषा करणारी व्यक्ती स्वतःला मदतीस पात्र मानतच नाही. ‘आईचेच तर करतो आहे, त्यात काय विशेष?’ हे उत्तर नम्रतेचे नसते, मनापासूनचे असते. पुंडलिकाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या समाजात आईबापांची सेवा हा पराक्रम नसून धर्म आहे. धर्मपालनासाठी भत्ता मागायचा, ही कल्पनाच अनेकांना ओशाळवाणी वाटते. शेजारीपाजारी याच भावनेला धार लावतात. परक्या बाईला ठेवले, तर ‘सुनेला जड झाले’. आठवडाभर निवासी केंद्रात ठेवले, तर ‘टाकून आले’. मानसिक आजाराच्या बाबतीत तर घराचे दारच लावून घेतले जाते. बहिणीचे लग्न जमायचे असते, म्हणून भावाचे प्रमाणपत्र काढायचे टाळले जाते. याशिवाय एक अधिक खोल भीती असते. आपल्यावाचून याचे कोणी नीट करणार नाही, अशी समजूत वर्षानुवर्षांच्या एकाकी श्रमातून घट्ट होते, आणि मदत दाराशी आली तरी हात पुढे होत नाही.

कायद्यानेही या मनोवृत्तीला नकळत खतपाणी घातले आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा २००७ चा कायदा सांभाळण्याचे टाळणाऱ्या अपत्यांना डोळ्यांपुढे ठेवून झाला. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ते आवश्यक होते, कारण तशी अपत्ये आहेत. परंतु जी मुले सांभाळतात, आणि अशीच मुले बहुसंख्य आहेत, त्यांच्या अडचणींबद्दल तो कायदा जवळजवळ मौन पाळतो. ‘अपत्य’ या शब्दात त्याने मुलगा, मुलगी, नातू, नात यांना घेतले. प्रत्यक्षात शुश्रूषा करणाऱ्या सुनेचे नाव त्यात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकाने सुनेला व जावयाला त्या व्याख्येत आणू पाहिले, घरपोच शुश्रूषेच्या सेवांचे नियमनही सुचवले. मात्र सुनेचे नाव कायद्यात यायचे ते जबाबदारीच्या बाजूने. हक्काची बाजू पूर्ववत कोरीच राहणार होती. विधेयक संमत न होताच ती लोकसभा २०२४ मध्ये विसर्जित झाली. रजेचीही तीच कथा. केंद्र सरकारी नोकरीतील मातेला अपत्यसंगोपनासाठी ७३० दिवसांची रजा आहे आणि अपत्य अपंग असल्यास वयाची अट नाही. हे उत्तम झाले. वृद्ध आईबापांसाठी काय, असे जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत विचारले गेले, तेव्हा कर्मचाऱ्याने वर्षातील तीस दिवसांची अर्जित रजा या कामी वापरावी, असे उत्तर मिळाले. म्हणजे ज्याची रजा, त्यानेच ती खर्चावी. आणि ही झाली सरकारी नोकराची कहाणी. शेतमजुराला आणि दुकानातील नोकराला एवढीही सवलत नाही.

केरळचा धडा

मदत वापरली जात नाही हा लोकांचाच दोष असता, तर तो सर्वत्र सारखा दिसला असता. केरळातील अनुभव वेगळे सांगतो. १९९३ मध्ये कोझिकोडे येथे सुरू झालेले वेदनाशमनाचे काम पुढे मलप्पुरमसारख्या जिल्ह्यात घरोघर पसरले. गावातील स्वयंसेवक आठवड्याचे काही तास देतात, परिचारिका त्यांच्यासह रुग्णाच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, आणि हे सारे घरच्या माणसाला शिकवते. २००८ मध्ये त्या राज्याने यासंबंधीचे धोरण जाहीर केले, आणि देशात असे धोरण असणारे ते पहिले राज्य ठरले. पंचायतींनी परिचारिका नेमून हे काम आपल्या नियमित कामांत घेतले. ‘आश्वासकिरणम्’ या योजनेत अंथरुणावरील रुग्णाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्या व्यक्तीला दरमहा ६०० रुपये देण्याचे ठरले. रक्कम क्षुल्लक आहे, हे कोणीही मान्य करील. परंतु तिचा अर्थ मोठा आहे. तेथे सरकारने रुग्णाच्या उशाशी बसलेल्या माणसाकडे प्रथमच स्वतंत्रपणे पाहिले.

या उदाहरणातील खरा धडा पैशाचा नाही, दिशेचा आहे. केरळात मदत घराकडे चालत गेली. परदेशांतही हाच फरक निर्णायक ठरला आहे. ब्रिटनने १९९५ मध्ये कुटुंबातील शुश्रूषकाला कायद्याने ओळख दिली, आणि इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्यापासून त्याच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा त्याला हक्क आहे. जर्मनीत १९९५ पासून शुश्रूषा विमा आहे. ठरावीक तासांहून अधिक काळ घरी सेवा करणाऱ्याचा निवृत्तिवेतनाचा हप्ताही त्यातून भरला जातो. तेथेसुद्धा कागदपत्रांच्या जंजाळामुळे विसाव्याच्या सोयींसाठीची रक्कम अनेक घरे उचलत नाहीत, अशी तक्रार आहे. श्रीमंत देशातही अर्ज करण्याचा भार थकलेल्या माणसावर टाकला, की निधी शिल्लक राहतो. मग गरीब देशाने तीच चूक करण्याचे कारण नाही.

काय करता येईल

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. सरकारने हात पुढे केला, की कुटुंबे हात काढून घेतील, असे म्हटले जाते. हा आक्षेप घेणाऱ्यांनी सहसा कोणाचे बेडपॅन उचललेले नसते. माणसे आईबापांना टाकतात त्यात स्वार्थ असतोच. पण कित्येक घरांत शक्ती संपल्याचीही ती परिणती असते. सांभाळणारा स्वतः अंथरुणाला लागला, म्हणजे एका रुग्णाचे दोन होतात आणि दोघांचाही खर्च अखेर समाजावर पडतो. आठवड्यातून दोन दुपारी मिळालेला विसावा कुटुंबाला कर्तव्यापासून दूर नेत नाही, उलट ते कर्तव्य आणखी काही वर्षे निभावण्याचे बळ देतो.

त्यासाठी नवे खाते काढण्याची आवश्यकता नाही. यंत्रणा बहुतांशी उभी आहे. तिचे तोंड फिरवण्याची गरज आहे. रुग्णालयातून दीर्घ आजाराचा रुग्ण घरी जाताना त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीचे नाव डिस्चार्ज कार्डावर नोंदवावे, तिला निघण्यापूर्वी दोन दिवस शुश्रूषा शिकवावी, आणि ती नोंद आरोग्य केंद्राकडे आपोआप जावी. आरोग्य केंद्रांच्या विस्तारित सेवांत वृद्धांची देखभाल आणि वेदनाशमन यांचा समावेश केव्हाच झाला आहे. त्या नोंदीवरून परिचारिकेने महिन्यातून एकदा घरी जावे आणि रुग्णाच्या रक्तदाबाबरोबर सांभाळणाऱ्याचाही रक्तदाब मोजावा. हे काम आशा सेविकांच्या तुटपुंज्या मानधनात आणखी एक ओझे म्हणून मात्र टाकू नये. एका शुश्रूषकाच्या सोयीसाठी दुसरीला राबवणे हा न्याय नव्हे. अंथरुणावरील रुग्णाच्या दिव्यांगत्वाची तपासणी घरी व्हावी. २०१६ च्या कायद्याच्या यादीत कंपवाताचे नाव आहे, स्मृतिभ्रंशाचे स्वतंत्र नाव नाही. तो ‘मानसिक आजार’ या सदराखाली शोधावा लागतो. ही संदिग्धता एका परिपत्रकाने दूर होण्याजोगी आहे. पाच टक्क्यांच्या निधीतून हवेच्या गाद्या, खुर्च्या आणि पलंग विकत घेऊन ग्रामपंचायतीने वाचनालयातील पुस्तकांप्रमाणे ते वापरायला द्यावेत. विरंगुळा केंद्रातील एक खोली आठवड्यातून दोन दुपारी अशा रुग्णांसाठी राखून ठेवावी. त्या कायद्यातील शुश्रूषा भत्ता ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या शब्दांच्या आड किती वर्षे ठेवायचा, याचाही निर्णय राज्य शासनाने एकदा करावा.

समाजाच्या वाट्यालाही काही येते. ‘काही लागले तर सांगा’ हे वाक्य प्रत्येक आजाऱ्याच्या दारात बोलले जाते. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु त्या वाक्याने मागण्याचे ओझे पुन्हा त्याच घरावर पडते, आणि ते घर सहसा काही सांगत नाही. ‘रविवारी तीन ते सहा मी काकांपाशी बसतो, वहिनी, तुम्ही झोप घ्या’ असे म्हणणारा शेजारी दुर्मीळ असतो, आणि नेमका तोच उपयोगी पडतो. शासनाची सगळी व्यवस्था आज पहिल्या वाक्यासारखी आहे. तिने दुसरे वाक्य बोलायला शिकावे, एवढीच या लाखो घरांची अपेक्षा आहे. ती त्यांनी अर्जावर लिहिलेली नाही, कारण तो भरायला त्यांना सवड मिळालेली नाही.